मंजुळाची साक्ष

परवा टीव्हीवर विरोधी पक्षाचे एक पुढारी सरकारला धारेवर धरत होते. सरकारी दवाखान्यात औषधं नाहीत, गाडी आहे तर डिझेल नाही, महागाईनं माणूस मेटाकुटीला आलाय आणि मंत्री मात्र अर्थव्यवस्था कशी धावतेय ते सांगतायत. सूनबाई म्हणाली, "किती मुद्देसूद बोलतात ना, आई." मी चष्मा पुसत बसले. त्यातलं एकही वाक्य मला नवीन नव्हतं. असली वाक्यं मी सतरा-अठराव्या वर्षी निळ्या शाईनं, डावीकडे समास सोडून, ढिगानं लिहिलेली आहेत. आप्पा सांगायचे आणि मी लिहायचे. सरकारं बदलली, आप्पा गेले, मीही म्हातारी झाले, वाक्यं मात्र तशीच टवटवीत राहिली आहेत.

आप्पा म्हणजे माझे वडील. सिन्नरकडचे आमदार, आणि जितकी वर्षं आमदार होते तितकी सगळी विरोधी बाकांवर. सत्तेत जायची संधी दोनदा आली होती म्हणतात, पण आप्पांना भांडायला समोर कुणीतरी लागायचं. शेती गावाकडे, ती काका बघायचे. आम्ही आमच्या शिक्षणासाठी म्हणून नाशकात, पंचवटीतल्या भाड्याच्या घरात राहायचो. पण घर कसलं ते. सकाळी डोळे उघडायच्या आत ओसरीवरून खोकल्याचे आवाज यायचे. कुणाला सिव्हिलमध्ये खाट मिळत नाही, कुणाची सून अडलीय, कुणाला डॉक्टरनं औषधाची चिठ्ठी देऊन बाहेर पिटाळलंय. फोन खणखणायचा, आई स्टोला पंप मारत असायची, आणि त्या सगळ्यावर आप्पांचा आवाज, "डॉक्टरसाहेब, माणूस पाठवतोय, कागद नाही पाठवत." आई दर अर्ध्या तासानं चहाचं पातेलं चढवायची. त्या पातेल्याचं बूड मी कधी पांढरं पाहिलं नाही.

जेवताना आमच्याकडे विधानसभा भरायची. ही आप्पांची हौस. आई म्हणजे सरकार, कारण डबे तिच्या ताब्यात. बाकी सगळे विरोधी पक्ष. ज्याला तक्रार करायची त्यानं तारांकित प्रश्न विचारायचा, तोही सभागृहात विचारतात तसाच: "आज सलग तिसऱ्या दिवशी मटकीची उसळ केली आहे, हे खरे आहे काय?" आई भाकरी थापता थापता मंत्र्यासारखं उत्तर द्यायची, "हे खरे नाही. काल रस्सा होता." "असल्यास, कारणे काय?" "प्रश्न उद्भवत नाही." धाकटा भाऊ ताट सोडून उठला की तो सभात्याग. आता हे आठवलं की हसू येतं, पण तेव्हा आम्ही ते फार मनापासून करायचो. आप्पा आमचे होते ते त्या अर्ध्या तासापुरतेच. बाकीचा दिवस त्यांना ओसरीवरच्यांनी वाटून घेतलेलं असायचं.

मी मुळातच जळकुकडी. हे आता या वयात कबूल करायला हरकत नाही. मी त्या खोकणाऱ्या म्हाताऱ्यांवरही जळायचे. मला कावीळ झाली तेव्हा आप्पा तीन दिवस दुसऱ्याच कुणाच्या मुलीसाठी रक्ताच्या बाटलीमागे धावत होते, हे मी त्यांना लग्नापर्यंत ऐकवलं. माझ्या वाट्याला आप्पांची एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्यांच्या टेबलाजवळची खुर्ची. त्यांचं अक्षर त्यांना स्वतःलाही लागायचं नाही, म्हणून अधिवेशनाचे प्रश्न, निवेदनं, भाषणांची टिपणं मी सुवाच्य लिहून द्यायचे. ते येरझाऱ्या घालत सांगायचे, मी मध्येच एखादा चांगला शब्द सुचवायचे, ते थबकून म्हणायचे, "वा, शैला." त्या 'वा'वर माझा आठवडा निघायचा. त्या खुर्चीवर मी भावालाही बसू दिलं नाही.

आणि मग मंजुळा आली.

ती पेठकडच्या डोंगरातली. घरचे सगळे दरवर्षी कांद्याच्या कामाला सिन्नरकडे उतरायचे आणि शेतातच पाल टाकून राहायचे. त्या वर्षी तिच्या वहिनीच्या पोटात दुखायला लागलं, दिवस भरत आले होते. मंजुळा आणि तिचा भाऊ तिला जवळच्या आरोग्य केंद्रात घेऊन गेले. केंद्राला कुलूप. डॉक्टरनं तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचा नियम, पण तो राहायचा नाशकात. शिपाई होता, तो म्हणाला, गाडी आहे पण डिझेल नाही, वरून पैसेच आले नाहीत. शेवटी मालकाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून निघाले. मूल रस्त्यात जन्मलं आणि वाचलं. वहिनी सिन्नरच्या अलीकडेच गेली. आप्पा तिथं दौऱ्यावर गेले तेव्हा गावातली मोठी माणसं "तसं काही नाही हो" करत होती आणि ही सतरा वर्षांची पोर पुढे येऊन म्हणाली, "हाय. मी व्हते तिथं." आप्पांनी तिला जीपमध्ये घातलं आणि घरी आणलं. महिन्याभरानं आरोग्य खात्याचा कारभार तपासायला विधिमंडळाची एक समिती नाशकात येणार होती. मंजुळानं तिच्यापुढे साक्ष द्यायची, त्या केंद्राला मुक्कामी डॉक्टर आणि गाडीला डिझेल मिळवायचं, तेही पावसाळ्याच्या आत, आणि मग तिला नर्सच्या कोर्सला घालायचं, असा आप्पांचा बेत होता. पावसाळ्यात तिकडचा नाला चढला की चार गावं त्या एका केंद्रावर असायची.

पहिल्या दिवशी तिनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही की डोळ्यांना पदर लावला नाही. "वहिनी म्हणे, मंजे, माझे पाय गार पडले, जरा धर. मी धरले. मंग ती काय बोललीच नाय. मी पाय धरूनच व्हते, सिन्नरपोत." आई पदरानं तोंड झाकून आत गेली. आप्पांनी चष्मा काढला. मीही तिला पाणी द्यायला तांब्या उचलला होता, खोटं कशाला सांगू. पण तेवढ्यात आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "शैला, असं बोलता आलं पाहिजे बघ. आपलं सगळं पुस्तकातलं वाटतं." ते 'आपलं' म्हणाले, पण मला कळलं ते कुणाचं. मी तांब्या होता तिथे ठेवून दिला.

नंतर रोज एकेक निमित्त मिळत गेलं. तिनं नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी केली. माझ्या भाकरीला ज्यांनी कधी बरं म्हटलं नाही ते आप्पा चार भाकरी खाऊन बोटं चाटत बसले. जेवणातली विधानसभा तिला समजली आणि तिसऱ्याच दिवशी तिनं प्रश्न विचारला. ती म्हणाली, "सरकारकडं पैसं नायत म्हून गाडीला डिझेल नाय. मंग मंत्री येतो त्याच्या गाडीत कोण घालतं?" आप्पांनी मांडीवर थाप मारली. त्या आठवड्यात चांदवडच्या सभेत त्यांनी हाच प्रश्न विचारला. कांद्याचा भाव, तिजोरीतला खडखडाट, काटकसरीचे हुकूम, सगळं घेऊन शेवटी म्हणाले, "ही काटकसर पहिली कुठं पोचते? बाळंतिणीच्या गाडीत. आमची मंजुळा विचारते, मंत्र्याच्या गाडीत डिझेल कोण घालतं?" टाळ्या थांबेनात. मी स्टेजखाली सतरंजीवर बसले होते. त्या भाषणाची टिपणं माझ्या हातची होती, आणि टाळ्यांचं तेवढं एक वाक्य सोडून बाकी सगळं माझं होतं. 'आमची मंजुळा.' मला आप्पा भर सभेत कधी 'आमची शैला' म्हणाले नव्हते. मला तिचा राग आला, इतका की परतताना जीपमध्ये मी तिच्या शेजारी बसले नाही.

साक्षीची तयारी माझ्याकडे आली. आप्पांना अनुभव होता. गावातली माणसं ओसरीवर घडाघडा बोलतात आणि साहेब समोर दिसला की "तक्रार काही नाही साहेब, सगळं चांगलं हाय" म्हणून हात जोडतात. म्हणून त्यांनी सांगितलं, शैला, तिचं निवेदन लिहून काढ आणि तिच्याकडून रोज म्हणवून घे, म्हणजे ऐनवेळी जीभ अडकायची नाही. दुपारी भांडी आवरली की आम्ही दोघी मागच्या ओट्यावर बसायचो. मंजुळाला तिसरीपर्यंतचं वाचता यायचं. ती बोलायची तसंच लिहिलं असतं तर एक पानही लागलं नसतं. पण मला दाखवायचं होतं की माझ्या हातून गेल्याशिवाय त्या बोलण्याला काही वजन नाही. 'वहिनीचे पाय गार पडले'चं मी 'रुग्णाची प्रकृती खालावत गेली' केलं. ती निमूटपणे पाठ करायची. आणि मग प्रश्न आला वेळेचा.

मी विचारलं, "दवाखान्यात किती वाजता पोचलात?"

"पुरतं उजाडलं नव्हतं. दिसत व्हतं, पण उन्हं नव्हती."

मला ते पटेना. उजाडायच्या आत कुठलं सरकारी दार उघडं असतं? समिती हसेल, म्हणेल, एवढ्या पहाटे काय ऑफिस उघडं ठेवायचं? दहाच्या सुमाराला कुलूप असलं तर खरी बोंब. मी लिहिलं, 'सकाळी साडेनऊ वाजता.' मंजुळानं ते वाचलं आणि बोट तिथंच ठेवलं.

"ताई, हे नाय खरं. मला घड्याळ नाय कळत."

"समितीला घड्याळच कळतं," मी म्हटलं. "लिहिलंय ते म्हण."

"पण उन्हं नव्हती, ताई."

"तुला जास्त कळतं का मला?"

तिनं कागदावरचं बोट उचललं आणि 'साडेनऊ' म्हटलं. मला हे मान्य करायला फार वर्षं लागली की मी ते समितीसाठी केलं नव्हतं. तिचं एक तरी वाक्य माझ्या मनासारखं वाकवायचं होतं, आणि ती खरं बोलत होती म्हणूनच ते वाकवायचं होतं. आप्पांनी निवेदन वाचलंसुद्धा नाही. अधिवेशनाची घाई होती. कागद हातात घेऊन म्हणाले, "तू लिहिलंयस ना? मग झालं."

समिती विश्रामगृहाच्या हॉलमध्ये बसली. लांब टेबल, हिरवं कापड, काचेचे ग्लास झाकून ठेवलेले. आप्पा एका बाजूला, आरोग्य खात्याचे अधिकारी फायली घेऊन दुसऱ्या बाजूला. मी आणि आई मागच्या खुर्च्यांवर. मंजुळा आईच्या हिरव्या लुगड्यात उभी राहिली आणि एकदाही न अडखळता सगळं म्हणाली, माझे सगळे शब्द जिथल्या तिथे. 'साडेनऊ' आलं तसा एक अधिकारी उठला. त्यानं रजिस्टर अध्यक्षांपुढे ठेवलं. डॉक्टर नऊ वाजता हजर, सही आहे. साडेनऊपर्यंत तपासलेल्या पेशंटांची नावं ओळीनं लिहिलेली. ती माणसं खरी होती, त्यातले दोघे बाहेर उभेही होते. अधिकाऱ्याच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. पहाटे डॉक्टर कुठे होते, हा एक प्रश्न कुणी विचारला असता तर त्या माणसाकडे त्याचं उत्तर नव्हतं. पण पहाटेचं नावच कुणी काढलं नव्हतं.

अध्यक्ष मंजुळाला म्हणाले, "बाई, तुम्हाला घड्याळ कळतं का?"

"नाय."

"मग साडेनऊ कुणी सांगितलं?"

तिनं मान वळवली. हॉलभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मी खाली बघितलं, आईनं ते पाहिलं. मंजुळा पुन्हा समोर वळली. "कुनी नाय, साहेब. मीच अंदाजानं म्हणले."

अध्यक्ष चांगले होते. ते आप्पांना म्हणाले, साक्षीदाराला आणखी काही सांगायचं असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्या, आम्ही पुन्हा बोलावू. पण दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं ते आलंच. विरोधी आमदारानं पढवून आणलेली मजूर मुलगी.

परतताना जीपमध्ये आप्पा पुढे बसले होते, आम्ही तिघी मागे. द्वारका चौक ओलांडल्यावर आप्पांनी मागे न बघता विचारलं, "साडेनऊ आलं कुठून?"

मी म्हटलं, "तिनंच सांगितलं. मी फक्त लिहून घेतलं."

मंजुळा माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. ती बाहेर बघत राहिली. आईनं तिचा हात हातात घेतला. आईला सगळं कळलं होतं, असं मला अजून वाटतं. तिनं मला जन्मात कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आमच्या घरात प्रश्न विचारायची एवढी हौस, पण हा कुणी विचारला नाही.

दोन दिवसांनी मंजुळा म्हणाली, आईची आठवण येते, वहिनीचं पोर लहान हाय, मी जाते. आप्पांनी अडवलं नाही. नर्सच्या कोर्सचा विषय त्यांनी काढला नाही आणि तिनंही नाही. आईनं भाकरी-चटणी बांधून दिली, आपलं हिरवं लुगडं तिच्याच पिशवीत घातलं. आप्पा ओसरीवरच्या माणसांत होते. तिला बसवून द्यायला मी गेले.

स्टँडवर पेठच्या बसला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. ती शेंगा फोडून दाणे माझ्या हातावर ठेवत होती, मी खात होते. शेवटी मला राहवलं नाही. मी विचारलं, "तू माझं नाव का नाही घेतलंस?" मला वाटत होतं, ती म्हणेल, तुमच्या घरचं अन्न खाल्लं, ताई. मग मी थोडं रडणार होते आणि आमचं मिटणार होतं. मी मनात तेवढी तयारी करून आले होते.

ती म्हणाली, "तुमच्यासाठी नाय. आमदाराच्या पोरीनंच खोटं लिहिलं म्हटल्यावर आप्पांचं कुनी ऐकलं आसतं? तिथं डॉक्टर यायला पाहिजे, ताई. पाऊस तोंडावर आला."

बस लागली. तिनं पिशवी खांद्याला लावली आणि पायरीवर चढून पुन्हा खाली उतरली. "आप्पांना सांगा, त्या अध्यक्षांनी पंधरा दिस दिल्यात. मला निरोप धाडा, मी येते. उजाडतानाचं सांगते, म्हणते की तवा घाबरून चुकले. तुमचं नाव नाय काढायची. एवढं सांगा मात्र."

मी "सांगते" म्हटलं. बस वळून दिसेनाशी होईपर्यंत मी उभी होते, आणि मला तिचा हेवा वाटत होता. त्या घटकेलाही. तिच्याकडे काहीच नव्हतं आणि जे होतं ते माझ्याकडे कधी येणार नव्हतं.

घरी आले तेव्हा ओसरी रिकामी झाली होती. आप्पा एकटेच टेबलाशी बसले होते. मला बघून त्यांनी खुर्ची ओढून दिली. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. म्हणाले, "ये, बस. कांद्याच्या भावाचं निवेदन राहिलंय." मी बसले. शाई भरली. ते उठून येरझाऱ्या घालायला लागले आणि खिडकीपाशी थांबले.

"मंजुळा जाताना काही बोलली का?"

ते थकल्यासारखे दिसत होते. मी तोंड उघडलं असतं तर त्यांनी तिथूनच जीप काढली असती आणि ती बस गाठून तिला उतरवून घेतलं असतं. मग ती पुन्हा आमच्या उंबऱ्याशी बसली असती, पुन्हा समितीपुढे उभी राहिली असती, या खेपेला स्वतःच्या शब्दांत, आणि सगळा हॉल तिच्याकडे बघत राहिला असता. मला ते सगळं दिसलं.

"नाही," मी म्हटलं. "काही नाही बोलली."

आप्पांनी मान हलवली. "बरोबर आहे. बिचारीला आता आणखी त्रास नको." आणि ते सांगायला लागले, मी लिहू लागले. त्या केंद्राला मुक्कामी डॉक्टर मिळाला तो तीन पावसाळ्यांनंतर. आप्पा म्हातारपणीसुद्धा अधूनमधून म्हणायचे, त्या पोरीनं तेवढं साडेनऊ म्हणायला नको होतं. मी प्रत्येक वेळी "हो ना" म्हणायचे.